बंद केलेलं बटण

आम्ही पोशीरचे. वडील भिवपुरीला वीजघराच्या कामावर रोजंदारीने जायचे, ते मी चौथीत असताना गेले, आणि मग घरात कमावणारं माणूस म्हणजे आई. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर लावणी, आणि पाऊस सरला की गवत. गवत कापायचं, भारा बांधायचा आणि डोक्यावरून नेरळच्या वखारीत टाकायचा. पायात काही नाही. उन्हाळ्यात रस्ता तापला की पळसाची पानं पायाखाली बांधायची, ती फाटली की झाडाखाली बसून दुसरी बांधायची. एकच वेळ चूल पेटायची आमच्याकडे, ती संध्याकाळी. दुपारी काय, तर सकाळची पेज उरली असेल तर. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगतो. ऊन काय असतं ते तिला माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर अशा बाईने मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरातला पहिला, सही करता येणारासुद्धा पहिलाच. निकाल लागला त्या दिवशी ती भारा टाकून आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, काय शिकलास रं इतकी वर्सं? मी म्हटलं, बरंच काय काय, उष्णता शिकलो, ती एका जिन्नसातून दुसऱ्यात कशी जाते ते. तर म्हणाली, ऊन शिकाया पंधरा वर्सं? मला इचारलं असतंस तर वखारीपातुर जाऊन येस्तोवर सांगितलं असतं. आणि हसली. पुढे कोणी पाहुणा आला की हेच सांगायची, माझा पोरगा ऊन शिकलाय.

मला खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, थंड पाण्याच्या प्लांटवर. गॅस दाबायचा, गार करायचा, सोडायचा, तो उष्णता ओढून नेतो, पुन्हा दाबायचा. पुस्तकातलं सगळं तिथे नळ्यांमध्ये दिसलं. आमच्या मोठ्या साहेबांनी तेव्हा गाडीत एसी बसवून घेतला होता. तेव्हा एसी म्हणजे डॅशबोर्डच्या खाली बाहेरून लावलेली पेटी, दोन बटणं, चार जाळ्या. खालापूर तालुक्यात दुसरा नसेल. पण तो सारखा रुसायचा, आणि मुंबईहून मेकॅनिक येईपर्यंत साहेब घामाने भिजायचे. एकदा पेटीतलं पाणी त्यांच्या पँटवर ठिबकलं, मीटिंगला जाताना, म्हणजे बघा कुठे. ड्रायव्हरवर इतके चिडले की ड्रायव्हर माझ्याकडे पळत आला, भाऊ, तुमी बर्फाचे मास्तर, बघा ना जरा. मी पाहिलं, पाणी बाहेर जायची नळी मातीने तुंबलेली. फुंकर मारली, झालं. त्या दिवसापासून तो एसी माझा.

आता काय सांगू तुम्हाला, गाडीचा एसी म्हणजे दुभतं जनावर, रोज हात लावावा लागतो. पुढची जाळी रस्त्याच्या धुळीने आणि गवताच्या काड्यांनी बुजते, ती मऊ ब्रशने, आतून बाहेर पाणी मारून धुवायची. पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा, अर्धा इंच बसला तर बरोबर. बॉनेटखाली एक काचेचा छोटा डोळा असतो, त्यात बुडबुडे दिसले की गॅस कमी. गळतं कुठे ते साबणाचा फेस लावून शोधायचं. पावसाळ्यात नको असला तरी आठवड्यातून दहा मिनिटं चालवायचा, नाहीतर आतले रबर सुकतात. आणि उन्हातली गाडी लगेच गार करू नये, आधी काचा खाली, आतली वाफ बाहेर, मग काचा वर आणि मग बटण. मी हे लोकांना इतक्या वेळा सांगतो की बायको म्हणते, झोपेतही सांगता.

आईला मी कबूल केलं होतं की एकदा तुला त्या गाडीत बसवीन. तर म्हणायची, मला वैशाखात हिवानं मारतोस का रं.

वैशाखच होता. गॅस नवीन भरला होता, साहेब म्हणाले, दुपारच्या उन्हात लांब फिरवून आण, कसा चालतो ते कळेल. मी म्हटलं, गावाकडे नेऊ का? ते म्हणाले, ने. मी कर्जत, नेरळ करत पोशीरला गेलो. गाडीत इतकं गार की वाटेत माझाच घसा धरला. दारात हॉर्न वाजवला, म्हटलं आई बाहेर येईल, तर आत्या आली. वडिलांची बहीण, आमच्याच घरात राहणारी. म्हणाली, बरा आलास, तुझ्या आयसला ताप भरलाय.

आई त्या दिवशी राब भाजत होती. भाताचं रोप टाकायची जागा आम्ही शेण, पालापाचोळा पसरून जाळतो, तो राब. पेटवला आणि वारा फिरला, शेजारच्या पेंढ्याकडे आग जाऊ नये म्हणून ती दुपारपर्यंत ओली डहाळी घेऊन जाळाच्या कडेने फिरत राहिली. वरून ऊन, खालून जाळ. घरी आली ती पडलीच. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, बरळत होती. आत्याने तिला दोन गोधड्यांत गुंडाळलं होतं, घाम सुटावा म्हणून. आमच्याकडे तापाला तेच करतात. पांघरायचं, वारा लागू द्यायचा नाही.

मी दोघींना मागच्या सीटवर घेतलं. कर्जतला दवाखाना होता, पण मला वाटलं कारखान्याचा मोठा, डॉक्टर ओळखीचे, साहेबांची गाडी आहे, तिथेच नेऊ. इंजिन चालू केलं आणि सवयीने बटण फिरवलं. गार झोत मागे गेला. आरशात मी बघतोय, आईने गोधडीतून हात काढला, त्या झोतापुढे धरला आणि तोंड तिकडे केलं. आत्या ओरडली, बंद कर रं ते, तापाच्या माणसाला हिवात घालतोस, मारतोस काय तिला? हात धरून आत घातला, गोधडी ओढली, काचा वर आहेत का बघितल्या.

आणि मी बंद केलं.

बी.एस्सी. झालेला माणूस मी. उष्णता कशी वाहते हे परीक्षेत लिहून पास झालेला, रोज तोच प्लांट चालवणारा. पण आत्याचा आवाज लहानपणापासून कानात बसलेला, आणि मलाही तापात असंच पांघरलेलं. माझ्या हाताला तेच बरोबर वाटलं. पोशीर ते खोपोली तासाच्या वर लागतो. काचा बंद, दोन गोधड्या, आणि माझ्या गुडघ्याजवळ ती पेटी, नव्या गॅसची, धुतलेल्या जाळीची, गप्प. मी दर मैलाला विचारत होतो, आये, बरं वाटतंय का. आधी हूं करत होती. पळसदरीच्या पुढे हूं बंद झालं.

डॉक्टरांनी गोधड्या काढून जमिनीवर टाकल्या, ओल्या चादरी, बर्फ, पंखा, सगळं केलं. मला बाजूला घेऊन विचारलं, हिला ऊन लागलंय, हिला गुंडाळलं कोणी? मग खिडकीतून गाडी दिसली त्यांना. म्हणाले, ही तर एसीची गाडी ना? दिवे लागायच्या आत आई गेली. नंतर डॉक्टर म्हणाले, कदाचित तशीही वाचली नसती. त्यातलं कदाचितच माझ्याजवळ राहिलं.

आत्याला मी सांगितलं, ताप डोक्यात गेला.

पुढे नोकरी सोडली, खोपोलीत घाटाखाली गाड्यांच्या एसीचं दुकान टाकलं. एक जुनी गाडी घेतली आणि तिला स्वतःच्या हाताने एसी बसवला. बायको म्हणाली, कशाला, आपण जातो कुठे? मी म्हटलं, असू दे.

गेल्या उन्हाळ्यात मी गावाला असताना आत्या पाणवठ्यावर पडली. तसंच अंग, तसंच बरळणं. शेजारणी गोधडी घेऊन आल्या, मी ती भिरकावली. आत्याचं लुगडं भिजवलं, गाडीत आडवी केली, एसी पूर्ण सोडला, जाळ्या तिच्या तोंडावर वळवल्या. शुद्ध आली तशी शिव्या द्यायला लागली, मुडद्या, गारठवून मारतोस मला. मी म्हटलं, दे शिव्या, देत राहा. कर्जतच्या दवाखान्यात नेली, या वेळी जवळच्या. चौथ्या दिवशी घरी.

परत येताना ती मागे बसून बराच वेळ त्या जाळ्यांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, म्हंजे तवा रं, तुझ्या आयसला...

मी म्हटलं, नाय आत्या, आयेचा ताप वेगळा होता.

थोड्या वेळाने तिने हात झोतापुढे धरला.

हे तुम्ही लिहून घेताय, छापा खुशाल, आत्याला वाचता येत नाही. मी बी.एस्सी. आहे, दुकान माझं आहे, आणि आत्या जिवंत आहे.