झटक्याआधीचा श्वास

आई : काल चार बायकांसमोर नाक कापलं त्यानं माझं! चार! तुझा नवरा म्हणून नाही सांगत, माझा मुलगा म्हणूनच सांगते. धर ते चादरीचं टोक.

सून : धरलंय, आई.

आई : मी स्वतः बोलावलं त्यांना. अर्धा दिवस लॉण्ड्री बंद ठेवली. इस्त्रीचं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या मांडल्या. म्हटलं, सिनेमात ऐकलंत ना, आता समोर बसून ऐका, माझा मुलगा वाजवेल. राणी जळालेल्या गावात परत येते, तेव्हाचं ते. आणि यानं काय करावं? पेटी उघडली, चेलो काढला, गज हातात घेतला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, तार तुटलीय.

सून : तुटली असेल.

आई : चार तारा असतात त्याला. चारही होत्या जागच्या जागी. शाळा माझी चौथीत सुटली, पण चारपर्यंत मोजायला शिकून सुटली. ओढ!

सून : ओढतेय की.

आई : वरच्या मजल्यावरची ती शिवणवाली, तोंडाला रुमाल लावून हसली. म्हणे, "मोठ्या कलावंतांचं असंच असतं हो." टोमणा कळत नाही का मला? टोमणे मारण्यात माझा जन्म गेला.

सून : आई, ही चादर दमट वाटतेय. परत वाळवायला टाकू?

आई : दमट नाही नि बिमट नाही. अकरा वर्षं झाली तुला या घरात येऊन, तुझं चादरीकडे नेमकं कधी लक्ष जातं ते मला पाठ आहे. भांडलात का तुम्ही?

सून : नाही.

आई : हात दुखतो का त्याचा?

सून : नाही हो.

आई : मग झालं काय? शनिवारी एवढा मोठा कार्यक्रम. मंचावर नव्वद माणसं, त्या सिनेमाचं सगळंच्या सगळं संगीत, रस्त्यात भिंतीभिंतीवर कागद चिकटलेत. सगळ्यात पुढे एक खुर्ची, त्या खुर्चीवर हा. आणि घरात चार बायका बघून पाचावर धारण बसते याची?

सून : तुम्ही त्याला सारखं ते वाजव, ते वाजव म्हणू नका ना. सिनेमाच आहे शेवटी. पंख फुटलेले राक्षस नि तलवारी.

आई : आता तूही त्याच्यासारखं बोलायला लागलीस? तो म्हणायचा हे. वाजवायचे कागद घरी आले त्या दिवशी. "शिंगं फुंकायची, ढोल बडवायचे, की लोकांना वाटतं काहीतरी मोठं घडलं." नाकानं बोलत होता नुसता. ते कागद त्यानं मळक्या कपड्यांच्या टोपलीवर फेकले होते.

सून : हो. मी उचलले ते.

आई : ऐक माझं. कुणाला सांगू नकोस. गाण्यात शब्द आले की मला धडकी भरते. मोठमोठे शब्द असतात, लोक माना डोलावतात, मग मी त्यांच्याकडे बघून माझी डोलावते. यात शब्दच नाहीत. कळलं का, असं कुणी विचारत नाही. आधी ते एकटं वाद्य, खाली कुठेतरी, विहिरीच्या तळाशी बसून कुणी स्वतःशी बोलावं तसं. मग एकेक जण सोबतीला येतो. व्हायोलिनं येतात. ती गोगलगायीसारखी वेटोळी पितळी शिंगं येतात. आणि शेवटी ढोल. तो कानात येतच नाही बघ, सरळ इथं येतो, पोटात. आणि मला वाटतं की मी पण... हसशील.

सून : नाही हसणार.

आई : मी पण कुठूनतरी लांबून परत आलेय. घोड्यावर बसून. दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून, पण घोड्यावर! तीस वर्षं मी लोकांच्या चादरी धुतेय. लोकांनी मला डाग दाखवले, शिंग कुणी फुंकलं नाही. तिथं फुंकतात. त्या राणीसाठीच फुंकतात म्हणा, पण समोर मी बसलेली असते ना.

सून : आई...

आई : चार वेळा बघितला मी. दिवे लागले तरी उठत नाही. नावं वर सरकतात, झाडूवाला खुर्च्यांखाली झाडू घालतो, तरी पाय वर घेऊन बसते. इतक्या भराभर वाचता नाही येत मला, पण त्याचं नाव मी आकारावरून ओळखते. ते गेलं की उठते. लाव तुझ्या फोनवर.

सून : आत्ता? मशिनच्या आवाजात काय ऐकू येणार?

आई : मशिन बंद कर. वाळवायचंही कर. आणि हात चालू ठेव, लॉजच्या सगळ्या चादरी पडल्यात अजून.

(मशिनं थांबतात. लॉण्ड्रीच्या मागच्या खोलीत चेलो एकटाच सुरू होतो.)

आई : हां. हीच ती धून. जुळव कोपरे. ओढ. आणि त्याच्या आधी ते ऐकलंस का? अगदी सुरू व्हायच्या आधी?

सून : काय?

आई : वारा. डोंगरावरून येते ना ती, म्हणून वारा ठेवलाय त्यांनी. मोठ्या पडद्यासमोर तर अंगावर येतो. दुसरी घे. ओढ.

सून : झालं ना ऐकून? बंद करू?

आई : थांब. पहिल्यापासून लाव.

सून : आत्ताच तर—

आई : लाव म्हटलं ना. धर हे. ओढ. पुन्हा लाव. ओढ.

सून : आई, कितीदा?

आई : तू नाकातून श्वास घेतेस.

सून : सगळेच घेतात.

आई : अर्धा. झटका द्यायच्या आधी. मध्येच तोडलेला असा एक अर्धा श्वास, आणि मग ओढतेस. अकरा वर्षं चादरीच्या या टोकाला उभी आहे मी. तुझा श्वास मला झोपेतसुद्धा कळेल. लाव पुन्हा.

सून : नको.

आई : तो वारा नाही.

सून : चादर खाली लागतेय, आई.

आई : लागू दे. धुऊ परत, त्याच धंद्यात आहोत. तो वारा नाही ना गं?

सून : नाही.

आई : बस त्या गाठोड्यावर. बस. आणि पहिल्यापासून सांग.

सून : सांगण्यासारखं काही नाही. त्यानं ते कागद घरी उघडलेच नाहीत. मी उघडले. मला आवडलं ते. साबणाच्या खोलीत बसून वाजवायचे, दार लावून.

आई : साबणाच्या खोलीत का?

सून : तुम्हीच म्हणाला होतात ना. मी नवीन होते तेव्हा.

आई : एका घरात एक चेलो पुरे, असं म्हटलं होतं मी.

सून : दिवसभर उभ्या असायचात. दमलेल्या असायचात.

आई : माझी बाजू घेऊ नकोस. मला राग आलाय, तो नीट येऊ दे. पुढे?

सून : रेकॉर्डिंगच्या दिवशी नव्वद जण बसलेले, मीही त्याच्या शेजारी माझा चेलो घेऊन. कानात ठेका मोजणारी टिकटिक, समोर पडद्यावर ती राणी. त्यानं वाजवलं. सूर बरोबर, वेळ बरोबर, काहीच चुकलं नाही. पण वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, पुन्हा. सात वेळा पुन्हा. मग म्हणाले, शेजारच्या खुर्चीवर कोण आहे, तुम्ही वाजवा. मी एकदाच वाजवलं. म्हणाले, झालं.

आई : एकदाच?

सून : यंत्रावर बसलेल्यानं विचारलं, हिचा श्वास आलाय, काढून टाकू का? ते म्हणाले, राहू दे.

आई : तो काडी हलवणारा शहाणा आहे. आणि नाव? नाव कसं याचं?

सून : नावांची यादी आधीच गेलेली होती. ऑफिसातल्या बाईंनी नंतर विचारलं त्याला, नाव हेच ना? तो हो म्हणाला.

आई : आणि तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

सून : तोवर तुम्ही सगळ्या गल्लीला सांगून मोकळ्या झाल्या होतात.

आई : म्हणजे माझं तोंड चाललं म्हणून तुझं बंद.

सून : असं नाही हो.

आई : असंच आहे. मग शनिवारी कोण वाजवणार?

सून : तोच. पंधरा दिवस झाले, शिकवतेय त्याला. कुठे थांबायचं, गज कुठे दाबायचा. येतंय आता बऱ्यापैकी.

आई : तुझं वाजवणं तूच त्याला घडी घालून देतेस? आणि तो श्वास? तो पण शिकवलास का?

सून : तो म्हणतो, श्वास ऐकू येणं ही चूक असते.

मुलगा : आई! आहेस का मागे? मशिनं का बंद आहेत? शनिवारचा माझा काळा कोट झाला का?

आई : ये ना, राजा. ये. हे टोक धर.

मुलगा : मला तालमीला जायचंय, उशीर होतोय—

आई : धर. कोपरे जुळव. ओढ.

मुलगा : हे घे. झालं?

आई : काही ऐकू आलं नाही.

मुलगा : चादरीचं काय ऐकू यायचंय? हिचा चेहरा असा का झालाय? अगं, काय झालं?

सून : त्यांना कळलं. मी सांगितलं नाही. त्यांना ऐकू आलं.

मुलगा : काय ऐकू आलं?

आई : तार तुटली ती. तुझी. काल तुटली नव्हती, आज तुटली. सात वेळा वाजवून जे झालं नाही ते हिनं एकदा वाजवलं, आणि नाव लावलंस तू! ज्याच्यावर नाक मुरडलंस, ढोल बडवतात म्हणालास, तेच गाजल्यावर छाती काढून मिरवलंस!

मुलगा : मी मिरवलं नाही. तू मिरवलंस.

आई : मी मिरवलं! माझा मुलगा समजून मिरवलं! मला काय माहीत मी दुसऱ्याचं लेणं घालून गल्लीभर फिरतेय?

मुलगा : मी सांगणार होतो. खरंच, त्या पहिल्या खेळाला सांगणार होतो. पण तू माझा हात धरलास आणि रडलीस.

आई : रडले. मग?

मुलगा : वीस वर्षं वाजवतोय मी, आई. तू यायचीस माझ्या कार्यक्रमांना, दुकानातून तशीच, आणि झोपायचीस. तुझं घोरणं मी मंचावरून ऐकलंय. एकदाही डोळ्यात पाणी आलं नाही तुझ्या. आणि त्या दिवशी तू माझा हात धरून हमसून हमसून रडलीस. काय म्हणायला हवं होतं मी?

आई : "हा हात नव्हे, तो." एवढंच. ही माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. मान वळवायला कितीसा वेळ लागतो?

मुलगा : ही तरी कुठे काही बोलली?

आई : बोलली. सुरू व्हायच्या आधीच बोलली, मला तो वारा वाटला. तिथं मी चुकले, आणि साबणाच्या खोलीत बसवलं तिथंही चुकले. ते माझं मी निस्तरीन. तुझं तू निस्तर. फोन लाव त्या ऑफिसातल्या बाईला.

मुलगा : आत्ता? कागद छापून झालेत, आई. भिंतींवर लागलेत.

आई : भिंती मी धुऊन देते.

मुलगा : लोक मला लबाड म्हणतील. पुढच्या कामाला बोलावणार नाहीत. तुला कळतंय का काय सांगतेयस?

आई : कळतंय. म्हणतील लबाड. मलाही त्या शिवणवालीकडे जाऊन सांगायचंय, तीही रुमाल न लावता हसेल. आपण दोघं मिळून सोसू. तू गं, तुला विचारायचं राहिलं. तुला वाजवायचंय का शनिवारी? याच्यासाठी नको, घर शांत राहावं म्हणून नको. तुला स्वतःला?

सून : हो.

आई : बघ. एवढंसं उत्तर होतं. लाव फोन. इथंच, माझ्यासमोर.

मुलगा : हॅलो... हो, मीच. ते शनिवारचं नाव... हो, चेलोचं. ते चुकलंय. नाही, छापणाऱ्याचं नाही चुकलं. माझं चुकलं. सिनेमात मी नाही वाजवलेलं. माझ्या बायकोनं वाजवलंय. हो. हो, तेव्हाही मला माहीत होतं... होल्डवर ठेवलंय.

सून : बसतोस का जरा?

मुलगा : नको. हॅलो? हां. हां, तीच बसेल पुढे. मी कुठे बसू ते तुम्ही ठरवा. ठेवतो. झालं, आई. मिळालं समाधान? संचालकांशी बोलून कळवतील. आता माझा कोट दे.

आई : समाधान नाही मिळालं. तू चोरलंस. बाहेरच्या कुणाचं नाही, घरात बसून घरातलं चोरलंस, आणि वर माझ्याकडून ओवाळून घेतलंस. हे मी आज तोंडावर म्हणतेय, शनिवारनंतर पुन्हा काढणार नाही. कोट तिथं खुंटीला आहे आणि इस्त्री गरम आहे, तुझा तू करून घे. मला हिचा काळा पोशाख करायचाय.