सहापर्यंतची ड्यूटी

मी मूळचा एकलहऱ्याकडचा, बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, मला ते काय जमलं नाय म्हणून पंचवटीत येऊन सायकलचं दुकान टाकलं, पंक्चर काढता काढता पोरं मोठी केली. काय सांगू तुम्हाला, खाकीची मला लय हौस, म्हणून होमगार्डात नाव घातलं. पगारी नोकरी नाय ती, दुकान सांभाळून करायची, तरी बाहीवर फीत आली, सेक्शन लीडर झालो, तर बायको म्हणायची आता जरा जमिनीवर चाला.

रामदास माझ्या हाताखाली. गाडीवर केळी विकायचा, पोहण्यात पटाईत. त्याची बायको सरूवहिनी मला भाऊजी म्हणायची, अजून म्हणते.

त्या साली गोदावरीला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं. आम्ही सहाजण घाटावर, बघ्यांना मागं सारायला. वरून चिठ्ठी आली, संध्याकाळी सहापर्यंत ड्यूटी. चारला पाणी उतरलं म्हणून मी पोरांना सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आता खरं सांगतो, पाण्याचं काय नव्हतं, माझ्या मेव्हण्यासाठी मुलगी बघायला जायचं व्हतं, घरी सगळी खोळंबली व्हती. मी म्हटलं जा रे घरी, आणि हजेरीच्या वहीत सुटीची वेळ चार लिहिली. रामदास निघाला, वाटेत एका गल्लीत म्हातारी ओट्यावर अडकलेली दिसली, अंगावर खाकी तशीच, उतरला पाण्यात. म्हातारीला लोकांच्या हातात दिलं आणि तोच गेला वाहून. तेव्हा पाचसुद्धा वाजले नव्हते.

पुढं काही वर्षांनी स्मारक करायचं ठरलं, ड्यूटीवर गेलेल्या होमगार्डांची नावं दगडावर. कमिटीचे लोक वहिनीला घेऊन माझ्या घरी आले, विचारलं रामदासला सुटी कधी दिली. मी वही उघडली, चार. मग ते म्हणाले ड्यूटी संपली व्हती, नाव बसत नाय. सहाची चिठ्ठी आतल्या पेटीत व्हती. ती दाखवली असती तर लीडरनं हुकूम मोडला हे कळलं असतं, रामदास ड्यूटीवरच ठरला असता आणि माझी फीत गेली असती. एवढंच व्हतं. मी पेटी उघडली नाय. वहिनी म्हणाली, भाऊजींनी लिहिलंय ना, मग खरंच असणार, ते खोटं लिहायचे नाय. आणि लिहिलेलं खरंच व्हतं हो, तेच तर.

उद्घाटनाला सलामी मीच दिली, फीत लावून. चार नावं, खाली दगड कोरा. दरवर्षी वहिनी येते, त्या कोऱ्या जागेखाली एक फूल ठेवते, मला म्हणते भाऊजी, पायरी जपून उतरा, देव तुमचं भलं करो. दरवर्षी वाटतं आज सांगू, आणि दरवर्षी तिच्याकडं चहा पिऊन मी घरी येतो. लय वाईट माणूस हाय मी, तिला सोडून कुणाला ठाऊक नसलं तरी चाललं असतं, पण तिलाच ठाऊक नाय.

आता फीत उतरवून ठेवलीय, वय झालं. चिठ्ठी अजून हाय, घडीवर फाटायला आली. तुम्ही लिहून घेतलंय ना हे सगळं, मग छापायच्या आधी वहिनीला वाचून दाखवा. मी येतो बरोबर, चिठ्ठी घेऊन. मधे मी हात वर करून थांबा म्हणालो, तरी थांबू नका.