डिक्टेटरची मुदत

परवा आमचे साहेब डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्याकडे जेवायला आले. इथे आखातात, कंपनीच्या जबल अलीच्या गोदामात ते तात्पुरते मॅनेजर म्हणून आले, त्याला चार वर्षं झाली. माझं प्रमोशन त्यांच्याच हातात आहे.

लेकीची रोमन इतिहासाची टेस्ट होती. साहेब म्हणाले, "मला विचार."

"अंकल, रोममध्ये डिक्टेटर किती दिवस असायचा?"

"मरेपर्यंत," साहेब खुशीत म्हणाले.

"नो अंकल, ओन्ली सिक्स मंथ्स. इमर्जन्सी खलास, देन गो होम."

बायको पोळी हातात धरून तशीच उभी राहिली. साहेब शांतपणे म्हणाले, "सहा महिन्यांत काय होतं, बेटा? माणसं ओळखायलाच वर्ष जातं."

मी जोरात मान डोलावली.

"बाबा, दॅट्स द राँग आन्सर."

म्हटलं, "तुझ्या शाळेत राँग. आमच्या ऑफिसात बरोबर आहे."