अवचित पाहुण्याचा डबा

सन्माननीय अध्यक्ष, मेडशीचे सरपंच माणिकराव. पंचायत समितीचे गटविकास अधिकारी महोदय. आजच्या सत्कारमूर्ती ग्रामसेविका बेबीताई तायडे आणि त्यांच्या मातोश्री पंचफुलाबाई. आणि या शाळेच्या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. निवृत्त वकिलाला दहा मिनिटे देणे म्हणजे गाईला हिरव्या रानात सोडून दहाच घास खा म्हणण्यासारखे आहे. तरीही मी प्रयत्न करतो.

सहा वर्षांपूर्वी बेबीताई आपल्या गावात आल्या आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्यांनी पहिली सभा घेतली. काटकसरीचे, स्वावलंबी आणि अडल्या दिवसाला तयार असलेले घर कसे असावे, हा विषय होता. मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. हेतू एकच, दोष काढणे. चाळीस वर्षे वाशीमच्या कोर्टात मी दुसरे काय केले?

बाईंचे म्हणणे साधे होते. भांडी घासलेले पाणी रस्त्यावर सोडू नका, मोरीमागे दोडक्याचा वेल लावा आणि पाणी त्याला द्या. गवार, मेथी स्वस्त असते तेव्हा वाळवून ठेवा. पेरणीची ज्वारी राखेत घोळून, कडुनिंबाच्या पाल्यासकट मडक्यात भरा, तोंड लिंपून टाका, आणि कितीही ओढ लागली तरी त्या मडक्याला हात लावू नका. काडेपेटी घरात दोन जागी ठेवा, कारण एक नेहमीच सापडत नाही. येथवर मला दोष सापडला नाही. मी अस्वस्थ झालो.

मग त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक घरी अवचित पाहुण्याचा एक डबा वेगळा असावा. थोडा चहा, गुळाचा खडा, मूठभर मुरमुरे. पाहुणा दारात आल्यावर शेजारी धावायची पाळी येऊ नये."

मी उभा राहिलो. "बाई, उपदेश करणाऱ्याच्या घरी तो डबा आहे काय?"

"आहे ना, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "वस्तीतली माणसं येतात, ती घरचीच. डबा पाहुण्यासाठी आहे. तो अजून उघडला नाही."

हे उत्तर मी त्या दिवशी ऐकले, समजून घेतले नाही. त्याकडे मी परत येणार आहे.

दुसऱ्या सभेत त्यांनी बिनधुराच्या चुलीचा विषय काढला. आता मी तरुणपणी एका शास्त्रीबुवांकडे तर्काचे पाठ घेतलेले. जिथे धूर तिथे विस्तव, हे आमचे पहिले उदाहरण. मी आक्षेप घेतला की धूरच नसेल तर विस्तव आहे हे सिद्ध कशावरून करायचे? बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहून. ते शाबूत राहावेत म्हणूनच चूल बदलायची." बायकांच्या बाजूने जो हशा उठला, तो माझ्या कानात अजून आहे. सर्वांत मोठ्याने हसलेली व्यक्ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती माझी पत्नी, भागिरथाबाई.

घरी येताच त्यांनी निकाल दिला. "मले ते चूल पायजे. तुमाले धूर पायजे असन तं आंगनात शेकोटी पेटवा अन् बसा."

आता, बंधुभगिनींनो, जे सांगतो ते सांगताना मान खाली जाते. पण ते वगळले तर आजचा सत्कार अपुरा राहील. बेबीताईंच्या वडिलांनी छप्पन्न साली बुद्धधम्माची दीक्षा घेतली. माझ्या घराने मात्र त्या सालानंतरही काहीच बदलले नव्हते. स्वयंपाकघर सुधारायला आलेल्या बाईंना आम्ही अंगणातल्या बाजेवर बसवले. चुलीचा धूर बाहेर नेणारा पाइप गावातल्या पत्र्याचे काम करणाऱ्या इस्माईलभाईंनी तेलाच्या रिकाम्या डब्यांपासून बनवला. त्यांनीही तो बाहेरच्या बाजूनेच भिंतीत बसवला. आत भागिरथाबाई माती कालवत होत्या. आणि मधल्या उंबरठ्यावर मी उभा, बाईंचे शब्द आत पोचवायला आणि आतले शब्द बाहेर आणायला.

बाईंनी विचारले, "चुलीकडून वैलाकडे जाणारी वाट मोकळी आहे ना?" वैल म्हणजे चुलीचे दुसरे तोंड, हे येथे कोणाला सांगायला नको, मला मात्र तेव्हा ठाऊक नव्हते. मी आत न पाहता, कोणाला न विचारता उत्तर दिले, "आहे." हजारो साक्षीदारांना 'तुम्ही स्वतः पाहिले काय?' असे विचारून घाम फोडणारा मी!

चूल वाळली. पहिला विस्तव पेटला. आणि धूर असा कोंडला की शेजारचे गोविंदा पाटील पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले. भागिरथाबाई खोकत बाहेर, मी डोळे चोळत बाहेर. वाटेवर इस्माईलभाई उभे. त्यांनी आमच्या घराकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "कमाल आहे, वकीलसाब! मी बाहीर, ताई बाहीर, तुमी दोघंबी बाहीर. अंदर फक्त धूर!"

मी संतापलो, आणि संतापलेला वकील जे करतो ते मी केले. चार पानी तक्रार लिहिली. ग्रामसेविका अकुशल आहेत, योजना सदोष आहे, सबब त्यांची बदली व्हावी. कार्यालयाने बाईंचा खुलासा मागवला आणि त्याची प्रत मला पाठवली. खुलासा एका ओळीचा होता: 'चूल बरोबर असावी, परंतु मी चुलीपर्यंत पोचलेले नाही.'

माझ्या चार पानांत जे नव्हते ते त्या एका ओळीत होते. मी तो कागद दोनदा वाचला. भागिरथाबाईंनी विचारले, "काय लिवलं त्यात?" मी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "खरंच तं लिवलं. मंग काहून बसले? बलवा ना तिले. आत बलवा."

बेबीताई आल्या. उंबरठ्यापाशी थांबल्या. भागिरथाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेले. मी आयुष्यात पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. त्या हात धरण्याला कोणतेही उत्तर नव्हते. बाई चुलीसमोर बसल्या, वैलात बोट घातले आणि विचारले, "काकू, ही वाट कोणी लिंपली?"

"मीनंच," आमच्या घरून उत्तर आले. "भोक दिसलं. म्हनलं, उंदीर घर करीन."

दोघी चुलीसमोर बसून इतक्या हसल्या की चूल दुरुस्त व्हायला तासभर लागला. त्याच चुलीवरचा पहिला चहा बेबीताईंनी घेतला, घरच्या कपात, स्वयंपाकघरात बसून. इस्माईलभाईंनाही आत बोलावले. ते म्हणाले, "आता पाइप चालन. मानसं आत आली न!"

पुढचे सर्वांना माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात सरपण मिळेनासे झाले, तेव्हा या चुलींवर निम्म्या लाकडात दोन-दोन भांडी शिजली. वाळवलेल्या गवारीने आमची ताटे राखली. बियाण्याच्या मडक्याकडे मी दोन वेळा वळलो. दोन्ही वेळा भागिरथाबाई वाटेत उभ्या. पुढच्या पेरणीला ते मडके फोडले तेव्हा ज्वारीचा दाणा किडलेला नव्हता. आमचे शेत पेरून उरलेले बियाणे चार घरी गेले. बाईंनी गावाला कोणतीही वस्तू दिली नाही. घरात होते तेच कसे टिकवायचे, एवढे शिकवले.

आणि आता माझा दुसरा अपराध. मागच्या वर्षी बदल्यांची कुणकुण लागली तेव्हा मी पुन्हा लेखणी उचलली. या वेळी सहा पाने. अशी ग्रामसेविका सबंध तालुक्यात नाही, सबब त्यांना मेडशीतच ठेवावे. येथे बसलेल्या गटविकास अधिकारी साहेबांनी माझे सर्व मुद्दे मान्य केले, आणि निष्कर्ष उलटा काढला: इतकी गुणी बाई एकाच गावात कशाला? त्यांना बढती मिळाली. त्या मुख्यसेविका होऊन मंगरूळपीरकडे, आसेगावच्या बाजूला चालल्या. माझ्या निंदेने जे साधले नाही ते माझ्या स्तुतीने साधले. साहेब हसत आहेत, म्हणजे त्यांना कबूल आहे. आसेगावकडच्या भगिनींचे मी अभिनंदन करतो आणि गावाची क्षमा मागतो.

आता तो डबा. बेबीताई सहा वर्षांत माझ्या घरी किती वेळा आल्या, याची गणती नाही. आणि मी त्यांच्या घरी? माझ्या घरापासून त्यांचे घर किती पावलांवर आहे हे मला सांगता येत नाही. कारण ती पावले मी कधी टाकली नाहीत, मग तो डबा उघडणार कोणासाठी? उंबरठा एकाच बाजूने ओलांडला गेला, आणि मी स्वतःला सुधारलेला समजत राहिलो. तर्कशास्त्रात याला अपुरा पुरावा म्हणतात.

म्हणून, अध्यक्ष महाराज, या भरल्या सभेत माझा शेवटचा अर्ज सादर करतो. उद्या सकाळच्या एस.टी.ने बाई निघतील. त्यापूर्वी भागिरथाबाईंना आणि मला त्यांच्या घरी, त्यांच्या चुलीवरचा चहा मिळावा. अर्जाला सहा वर्षांचा विलंब झाला आहे, हे मला मान्य आहे; सामान बांधले गेले असल्यास तो फेटाळण्याचा बाईंना पूर्ण अधिकार आहे. बाई, आपले म्हणणे?

बाई पदर डोळ्यांना लावून बसल्या आहेत. काय? पंचफुलाबाई काही सांगत आहेत. जरा शांतता! मागच्यांसाठी मोठ्याने सांगतो. त्या म्हणतात, "याजा ना, वकीलसाहेब. तो डबा तं मी बांधूच देला नाई तिले."

अध्यक्ष महाराज, अर्ज मंजूर झाल्याची नोंद व्हावी. आणि इस्माईलभाई, हात वर कशाला करता? तुम्हीही चला.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा, आणि माझे अपराध हसून ऐकल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. दहा मिनिटे केव्हाच उलटून गेली. बोलण्याच्या भरात कोणाचे मन दुखावले असेल, कोणाचे नाव राहिले असेल, तर वडीलधारा म्हणून सोडून देऊ नका. चुकलेला माणूस म्हणून क्षमा करा. बाईंच्या घरची चूल गावात सर्वांत चांगली, असे मी सहा वर्षे ऐकत आलो आहे. ऐकीव पुरावा मी आता मानत नाही. उद्या सकाळी आत जाऊन स्वतः पाहीन.