बेचिराख गावातला दिवा

मंडळी, आज एक साधाच प्रश्न घेऊन उभा आहे. गाव मरतं कधी? घरं जळाली म्हणजे मरतं? माणसं पळाली म्हणजे मरतं? की आणखी काही लागतं?

आपण म्हणतो, अमुक गाव बेचिराख झालं. म्हणताना डोळ्यांपुढे काय येतं? राख! माझ्याही यायची. मग एकदा कोश उघडला — माझी खोडच ती, सूर लागला नाही की मी कोश उघडतो — आणि काय सांगू, या शब्दात राख नाहीच! शब्द मूळचा फारसी. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. बेचिराग! जिथे दिवा लागत नाही, ते. राख आपण घुसडली, मंडळी. कानाला बरी वाटली म्हणून!

आता ऐका. हा इतिहास नव्हे, शब्दाभोवती मीच गुंफलेली गोष्ट आहे. कुठे सैल पडली तर सांभाळून घ्या.

तांबुळखेडं नावाचं गाव. स्वाऱ्यांचा काळ. एक टोळी आली, लुटून, पेटवून गेली. माणसं वाचली, पण डोंगरातल्या घळीत दडून बसली. खाली उतरायची कुणाची छाती होईना.

शेजारच्या गावचा सुभानराव पाटील मात्र खूश! कारण त्या मुलखाचा नियम असा, की गाव बेचिराग ठरलं की त्याची जमीन शेजारच्या गावाला जोडायची. पाटलानं लगोलग अंमलदाराला बोलावणं धाडलं. अंमलदार निळोपंत. शांत माणूस, फारसी शिकलेला.

ही बातमी घळीत पोचली. तिथे म्हाळसाबाई होती, एकटी, म्हातारी. ती उठली नि म्हणाली, दिवा लावून येते. सगळे हसले. एकानं विचारलं, कुणासाठी गं आत्ये? घुबडांसाठी?

ती म्हणाली, "घुबडाला अंधारात दिसतं रं. मला दिसत न्हाई, म्हणून लावते."

आणि निघाली!

इकडे जळक्या तांबुळखेड्यात पंतांना घेऊन आलेल्या सुभानरावानं ओंजळभर राख उचलून त्यांच्यापुढे धरली. "बघा सरकार, राख. गाव बेचिराख."

पंतांनी विचारलं, "पाटील, बेघर म्हणजे काय?"

"घर नसलेला."

"मग बेचिराखमधली राख खरी मानली, तर राख नसलेलं गाव म्हणायचं. तुमच्या हातात तर राखच आहे."

पाटील एकदा हाताकडे बघतो, एकदा पंतांकडे! मंडळी, हसू नका, आपणही त्याच्याच शाळेतले. पंत म्हणाले, दिवेलागणीपर्यंत थांबू. दिवा लागला नाही तर जमीन तुमची.

सूर्य टेकला. म्हाळसाबाई आपल्या जळक्या घरापाशी पोचली. पणती सापडली, अर्धी फुटकी. लुगड्याचा काठ फाडून वात वळली. पण विस्तव? खाली बसली आणि राख उकरायला लागली. चुलीपाशी पडलेलं छपराचं तुळवट, जाड लाकूड ते, आत अजून धुमसत होतं. जी राख पाटील पुरावा म्हणून दाखवत होता, तिनंच तिच्यासाठी निखारा जपून ठेवला होता! फुंकर घातली, काटक्या धरल्या, जाळ झाला.

आता तेल? तेल कुठलं! टोळीनं थेंब ठेवला नव्हता. जमीन तेलावर अडली, मंडळी!

तेवढ्यात तिला दिसला पाटलाचा मशालजी. परतीच्या वाटेसाठी तेलाची बुधली भरून आणलेली. म्हातारी सरळ पुढे गेली.

"दादा, वाईच तेल घाल की."

मशालजीनं पाटलाकडे बघितलं. पंतांकडे बघितलं. मग कुणाकडेच न बघता बुधली वाकवली.

पाटील कडाडला, सरकार, तेल माझं आहे.

पंत म्हणाले, "तेल कुणाचं, हे शब्दात नाही पाटील. शब्दात फक्त दिवा आहे."

आणि कोनाड्यात दिवा लागला!

घळीतून तो दिसला. कुणीतरी म्हणालं, आत्येचा दिवा. मग पोरंबाळं, गाडगीमडकी, एक बोकड, सगळी वरात खाली उतरली. जो तो मशालजीच्या बुधलीतलं थोडं तेल घेऊन, म्हाळसाबाईच्या ज्योतीवर काडी पेटवून आपल्या जळक्या उंबऱ्यावर दिवा ठेवू लागला. छपरं नव्हती, भिंती काळ्या होत्या, पण ओळीनं दिवे! पंत घोड्यावर बसता बसता म्हणाले, गाव नांदतं आहे. पाटील मात्र मशालीविना, ठेचा खात घरी गेला. तेल तिकडे जळत होतं ना!

मंडळी, आता माझ्या प्रश्नाकडे या. गाव राखेनं मरत नाही. दिवा लावायला कुणी खाली उतरत नाही, तेव्हा मरतं. आणि घरांचं, नात्यांचं काय? किती सहज म्हणतो आपण, त्या घराशी आमचं संपलं. राख दाखवायला आपण सगळे सुभानराव. ती उकरायला बसतो कोण?

आता आरती होईल. घरी जाताना ज्या दारावरून मान फिरवून जाता, तिथे आज थांबा. म्हणाल, बुवा, आमच्याकडे तेल उरलं नाही.

अहो, मग त्यांच्याकडेच मागा!