लिफ्टमधली कोथिंबीर

तुम्हाला सांगतो, भीती या विषयावर मी जन्मभर कॉलेजात शिकवलं, त्यामुळे लिफ्टमध्ये अडकल्यावर घाबरायचा मला खरं तर काही अधिकारच नव्हता.

जर्सी सिटीत आम्ही लेकीकडे राहतो. भाजी घेऊन मी आणि नलिनी, म्हणजे आमची ही, वर जात होतो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. बटण दाबलं तर आवाज आला, माणूस निघालाय, वाट बघा. लेकीलाही फोन केला.

मग मी नलिनीला धीर द्यायला लागलो. "घाबरू नकोस. भीती लाटेसारखी असते. वर चढते आणि आपोआप ओसरते. आपण नुसतं बघत राहायचं."

"मग दार कशाला बडवताय?"

"माझी अजून चढतेय!"

ती शांतपणे खाली बसली. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून तिने अर्धी माझ्यापुढे ठेवली. "बसा. पिवळी पानं बाजूला काढा."

"अगं, इथली हवा संपली तर?"

"देठं फार ठेवू नका."

मी निवडायला लागलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, दार बडवायचं मी विसरूनच गेलो होतो.

"हा उपाय तू कुठे वाचलास?"

"वाचायचं काय त्यात? इतकी वर्षं तुमच्याशी संसार केलाय."

शेवटी दार उघडलं. बाहेर लेक रडवेली होऊन उभी. "बाबा, आर यू ओके? या ना लवकर बाहेर!"

"आलो गं," मी म्हणालो, "एवढ्या चार काड्या राहिल्यात."