कडेची धसकटं

—नाय नाय, चुकून नाय राहिली. मीच सांगितलं माणसांना, मैदानातली भाताची मधली धसकटं कापा, दोन्ही कडांची तशीच ठेवा. अवो झकेरियाशेठ, असं काय बघताय, बसा या बांधावर, सांगतो. तुमीच म्हणालात ना, शिवा, या रविवारी उरणवाल्यांकडून हरलास तर पनवेलची टीम दुसऱ्याच्या हाती देईन — मग? मी काय हातावर हात ठेवून बसू? चौदा वर्षं शिकवतोय पोरांना, याच्याशिवाय मला येतं काय? म्हणून गेल्या रविवारी सायकल मारत गेलो उरणला, त्यांचा यंदाचा पहिला सामना बघायला. जुन्या मिठाच्या राशीमागं लपून बघितला. लपून कशाला? सांगतो, तेही सांगतो.

लिहा तुमच्या वहीत. गोलकीपर — ताडमाड गडी, वरचा बॉल सोडायचा नाय, पण खाली वाकेपर्यंत बॉल आत. दोघं बॅक — अंगावर आले की माणूस आडवा, पण वळायला बैलगाडी. आणि पुढं? पुढं एकच पोरगा हाय, डाव्या कडेचा. बाकी सगळी खोगीरभरती. पण हा कडेनं असा सुटतो ना — माझ्या तोंडातून 'शाब्बास' निघून गेलं हो! जीभ चावली. तीन गोल, तिन्ही त्याचे. आपला भगवान अडवील त्याला? भगवान त्याची पाठ बघत राहील.

पण दुखणं कळलंय मला. डावी टाच. मिठागराचा तळ तुडवून तुडवून फाटलीय — बोट जाईल एवढ्या भेगा. सामना संपल्यावर बसून मेण भरत होता त्यात, दात आवळून. अनवाणीच खेळतात ना सगळे. आपली पोरं मधून खेळतील, आणि तो — हाफटायमाला बाजू बदलली तरी तो कडेनंच पळणार, म्हणून दोन्ही कडा. दोनदा धसकटावर टाच पडली की बसेल खाली. मधे यायचाच नाय तो, छातीठोक सांगतो, मीच शिकवलंय त्याला, एवढासा होता तेव्हापासून, जगन, कड सोडायची नाय —

हां. जगनच. माझाच. तुमाला वाटलं मुंबईला गिरणीत लागलाय? मीच उठवलं तसं, लाज वाटली म्हणून. मामाकडं हाय, उरणला. मागल्या साली त्याची पेनल्टी हुकली आन मी सगळ्यांदेखत कानफटात मारली — तुमी होतात की इथंच. तसाच गेला, भाकरीलाही घरी आला नाय. त्याची आय, भामा, वर्ष झालं माझ्याशी धड बोलत नाय. तीच भरायची मेण त्याच्या टाचेत, मांडीवर पाय घेऊन. दहा पावलांवर बसला होता, शेठ. दहा! मी हाक नाय मारली. बाप ना मी? आन बघत काय होतो? टाच.

लिहिलंत ते? टाचेचं? खोडा. खोडा म्हणतो ना! टीम काढून घ्यायचीय, घ्या. आजच घ्या. तो विळा द्या इकडं. नाय, माणसं नकोत, दोन्ही कडा मीच कापतो, पार बुडापासून. रविवारी पळू दे त्याला. घालू दे गोल.

जा तुमी, दुकान उघडं टाकून आलाय. जा म्हणतो ना.